कासारवाडीचा पत्ता

क्षितिज सरांना सर म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती, पण क्लासला नाव घातलं होतं म्हणून म्हणत होते. पिंपरीत मोबाईलच्या दुकानाच्या वर त्यांचा 'करिअर स्टुडिओ'. स्टुडिओ म्हणजे दोन लॅपटॉप, एक गळका एसी आणि भिंतीवर टाय लावून हसणारे स्वतः सर. ज्याने आयुष्यात कुठल्या कंपनीत कार्ड पंच केलं नाही, तो माणूस कंपनीत शिरायचं कसं ते शिकवत होता.

"रेझ्युमेचे तीन फॉरमॅट. क्रोनोलॉजिकल, म्हणजे आत्ताची नोकरी आधी, मग मागच्या. फंक्शनल, म्हणजे काय काय येतं ते आधी. आणि कॉम्बिनेशन, दोन्हीचा ब्लेंड."

मी डिप्लोमा मेकॅनिकल. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये क्वालिटीला होते, मालकाने ते बंद केलं आणि तेव्हापासून घरी बसलेय. पहिल्या फॉरमॅटमध्ये ते घरी बसणं वरच दिसलं असतं, म्हणून सरांनी दुसरा निवडला. इथपर्यंत माझी तक्रार नाही. मग त्यांची नजर पत्त्यावर गेली.

"चाकणच्या कंपनीला अप्लाय करतेस आणि पत्ता तिथल्याच गावचा? अगं, लोकल नको असतात त्यांना. युनियन करतात, दांड्या मारतात, गेटवर काका-मामा आणतात. पुण्याकडे कोणी आहे का तुझं?"

कासारवाडीला मावशी होती. झालं, मी कासारवाडीची झाले, तेही पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत. भाषांपुढे त्यांनी चांदण्या दिल्या. इंग्रजीला पाच, जी मला अडखळत येते. मराठीला चार.

"मराठीला चार का?"

"पाच दिल्या की लोकल वाटतं."

असल्या माणसाला सर म्हणायचं!

मला ती नोकरी मात्र हवी होती, आणि तीच हवी होती. आई गेल्यापासून घरात आप्पा आणि मी दोघंच. दुसरीकडे नोकरी म्हणजे खोली घेऊन राहणं, आणि आप्पा एकटे असले की चहा-बिस्किटांवर दिवस काढतात. ही कंपनी आमच्या गावाच्या वेशीवर. घरातून चालत निघालं तर पदर सावरेपर्यंत गेट येतं. घराजवळ राहता यावं म्हणून घर लपवायचं, असा सगळा शहाणपणा होता.

घरी येऊन हे आप्पांना सांगितलं.

"म्हंजी आमी हितं जवळ ऱ्हातो, ह्यो गुन्हा व्हय?"

"तसंच समजा. आणि इंटरव्ह्यूला सोडायला येऊ नका."

"न्हाई येत," आप्पा म्हणाले.

इंटरव्ह्यू शेखर साहेबांनी घेतला. एचआर मॅनेजर. बोटांत अंगठ्या आणि बोलण्यात मध. तांत्रिक प्रश्न त्यांनी दुसऱ्याला विचारायला लावले, स्वतः फक्त माझ्या रेझ्युमेचं पान कुरवाळत होते.

"फॉरमॅट छान आहे. आणि बरं झालं, तुम्ही बाहेरच्या आहात. इथली माणसं म्हणजे नुसता ताप. जमिनीचे पैसे गाड्यांत आणि लग्नांत उडवले, आता पोरांना आत घ्या म्हणतात. कामाची सवय आहे कुठे?"

माझे आप्पा पहाटे उठून अजूनही उरलेल्या तुकड्यात कांदा लावतात. हे मी म्हणाले नाही. मी मान हलवली. त्या क्षणी मला शेखर साहेबांपेक्षा माझीच जास्त किळस आली.

"सोमवारपासून या," साहेब म्हणाले. चहाला बाहेर जायचं होतं म्हणून गेटपर्यंत माझ्यासोबतच आले.

गेटवर वॉचमनच्या खुर्चीशेजारी, मोटारसायकल लावून आप्पा बसले होते. ऊन वाढलं होतं, त्यांना राहवलं नसणार.

"बघा, आलेच," साहेब मला म्हणाले. मग आप्पांना, "काय ओ, कोणासाठी बसलाय? भरती नाहीये इथे."

आप्पा उभे राहिले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे.

"कुनासाठी न्हाई साहेब. सहज टेकलो."

"मग या मॅडमना कासारवाडीला जायचंय, बस कुठे मिळते तेवढं सांगा. तेवढा तरी उपयोग होऊ दे तुमचा."

आप्पांनी टोपी नीट केली. "चौकात जावा मॅडम. तितनं भोसरीकडची गाडी भेटंल, फुडं इचारा कुनाला बी."

जन्मल्यापासून ज्यांनी मला 'सुपे' सोडून दुसरी हाक मारली नाही, ते माझे वडील मला मॅडम म्हणाले. चेहऱ्यावरची एक रेघ हलू न देता. क्षितिजच्या क्लासला न जाता.

"बस कशाला, आप्पा?" मी म्हणाले. "गाडी आणलीय ना तुम्ही."

आणि मी त्यांच्या मोटारसायकलवर जाऊन बसले.

"सुप्रिया गेनबा, साहेब. पत्ता दुरुस्त करून घ्या. ती मागची कौलं दिसतात ना, तेच घर."

"कळवतो आम्ही," साहेब म्हणाले. मघाशी सोमवार म्हणणारा हाच माणूस.

आप्पांनी किक मारली, तीही दोनदा चुकली.

"सुपे, नोकरी गेली की गं तुजी. मी इतकं चांगलं बोललो हुतो."

"फार चांगलं बोललात," मी म्हणाले, आणि त्यांच्या पाठीला डोकं टेकून रडले.