साडेसत्तावीसचं चाक

सायकल तिसऱ्यांदा आडवी झाली तेव्हा स्वप्नालीनं ती उचलली नाही. गुडघ्याला रुतलेली खडी झटकली आणि वर्कशॉपच्या दारात उभ्या असलेल्या थोरल्या भावाकडं, जयराजकडं, ती वळली. कुपवाडच्या त्या गल्लीत आज एकही मशीन चालू नव्हतं, त्यामुळं त्याचं हसणं नीट ऐकू आलं.

"सवय कर जरा," जयराज म्हणाला. "एकोणतीसचं चाक हाय. लय पळतंय."

"पळतंय, पण वळत न्हाई. हँडल फिरवलं की माझा बूट पुढच्या चाकाला अडतोय."

"मग पाय मागं घ्यायचा."

"पाय पेडलवर असतोय दादा. कुठं ठेवू, डोक्यावर?"

पावसाळाभर ती हेच सांगत आली होती. दिवाळीनंतर आटपाडीच्या माळावर तिला धाविक पक्ष्यांच्या नोंदी करायच्या होत्या. एम.एस्सी. झाल्यावरचं तिचं पहिलं काम. मोटारसायकलच्या आवाजानं धाविक पार लांब निघून जातात, म्हणून सायकल. तिला पुढं-मागं कुठंही शॉकअप नको, कारण ते माळावर बिघडलं तर दुरुस्त कोण करणार? आणि चाकं साडेसत्तावीस इंचांची. मोठं चाक दगडावर सहज चढतं हे तिलाही मान्य होतं. पण तिची उंची पाच फूट. तिचे हात पोचतील एवढी आखूड फ्रेम केली, की मोठं चाक आणि तिचा पाय एकाच जागेसाठी भांडू लागतात. तिनं मापं टाकून चित्र काढून दिलं होतं. नळ्याही तिनंच मागवल्या होत्या. वेल्डिंग मात्र जयराजनं आपल्या मनानं केलं होतं.

"हिलाच बारकी चाकं घाल की मग," तो म्हणाला.

"सगळी सायकल खाली बसंल. पेडलं दगडावर आपटतील. हे बी सांगितलं हुतं तुला."

"आगं, आता सगळी एकोणतीसच घेत्यात. आनि तू किती दिवस चालवणार? लगीन झालं की ती हितंच पडणार. सीट वर केली की मला बी बसाय येतंय. बारक्या चाकांवर मी सर्कशीतला दिसलो असतो."

स्वप्नालीच्या ध्यानात आलं. म्हणजे चूक नव्हतीच ती. तिच्या नावानं, तिच्या नळ्यांची, त्यानं स्वतःसाठी सायकल केली होती.

ती आत शिरली आणि ग्राइंडरला हात घालणार, तोच आईनं मनगट धरलं. खंडेनवमी होती. पोत्यावर मांडलेल्या हत्यारांना हळदकुंकू लागलं होतं, झेंडूची माळ पडली होती. सायकलच्या नळीवरही कुंकवाची बोटं उमटली होती.

"आज हत्यार हलवायचं न्हाई," आई म्हणाली. "आनि पूजा झालेली वस्तू मोडत्यात व्हय कुनी?"

जयराज दाराला टेकून गालात हसला. फ्रेम पूजेच्या आधी पुरी करायची घाई त्याला कशाला झाली होती, ते आता तिला कळलं.

दसऱ्याला सकाळी माळा उतरल्या. पूजेतून उठलेल्या हत्यारांना मुहूर्ताचं काम द्यायचं असतं. जयराज दरसाल भंगारातला एखादा तुकडा कापायचा. यंदा तो अंघोळ करून आला तेव्हा फ्रेम शिकंज्यात आवळलेली होती, चाकं भिंतीला टेकवलेली होती आणि स्वप्नालीच्या हातात ग्राइंडर, डोळ्यांवर ठिणग्यांपासूनचा चष्मा होता.

"ए, पूजा झालीया तिची!"

"ग्राइंडरची बी झालीया."

"स्वप्ने, आगं मुहूर्ताला चांगलं काम करत्यात," आई कळवळली.

"ह्याच्याहून चांगलं न्हाई सुचत मला."

ठिणग्या त्याच्या धुतल्या पायजम्यापर्यंत उडाल्या. वरची नळी तुटली, मग खालची. पुढचा भाग कुंकवासकट फरशीवर खणकन पडला.

"खुळी झालीस काय? एवढ्या चांगल्या नळ्या!"

"नव्या मागवल्यात. दिवाळीच्या आत व्हायला पायजे. न्हाई जमणार तर आत्ताच सांग, मिरजेत दुसरा वेल्डर बघते."

 दुसऱ्या वेल्डरचं नाव जयराजला झोंबलं. त्यानं टेबलावरची मोजपट्टी हिसकावल्यासारखी उचलली.

"साडेसत्तावीसच ना?" तो गुरगुरला.

तिनं चष्मा काढला नाही.

"चित्रात बघ."