कालव्यापलीकडचं दार

“काम झालं असं म्हणण्याआधी एक दार शोधून बघायचं. कुठलंही नव्हे हं. ज्याची काळजी वाटते, ते.”

मास्तर हे सांगायचे तेव्हा चष्मा कपाळावर चढवायचे आणि आवाज खाली आणायचे. त्यांनी जन्मात कधी शाळेत शिकवलं नव्हतं. पण ऑफिसातल्या सगळ्यांना काम त्यांच्याच हाताखाली आलं, म्हणून ते मास्तर. निवृत्त होताना खिडकीतली कुंडी आणि हमाल, दोन्ही त्यांच्या जागी आलेल्या मुलीच्या हवाली करून गेले.

हमाल म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम. त्याला ना बटणं, ना चित्रं. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा, पत्त्यांची फाइल दाखवायची, की तो एकेक पत्ता उचलून शोधसूचीत नेऊन ठेवणार. शहरात कुणी रुग्णवाहिकेसाठी फोन केला, की कंट्रोल रूममधली माणसं पत्ता त्याच सूचीत शोधत. नकाशावर ठिपका उमटला की गाडी तिकडे धावे. ओझी वाहतो आणि कुरकुर करत नाही, म्हणून हे नावही मास्तरांनीच ठेवलेलं.

नाव तिलाही पडलं होतं. ती इतकं हळू बोले की ऐकणारा आपोआप पुढे वाके, म्हणून ती हळूबाई. पहाटेची प्रार्थना झाल्याखेरीज कुणाशी बोलायचं नाही, हा तिचा घरचा नेम. ऑफिसातला नेम मास्तरांनी दिलेला. हमालाने ओझं टाकलं की ती एक दार शोधायची. सुरुवातीला रोज वेगळं. मग कधी कामाची घाई, कधी कंटाळा, असं करत करत ते एकच दार होऊन बसलं: तिचं स्वतःचं. पत्ता तोंडपाठ, बोटं आपसूक चालत. ठिपका घरावर उमटला की ती मनातल्या मनात हात जोडायची आणि खिडकी बंद करायची.

आजचं ओझं मात्र नेहमीचं नव्हतं. महिनोन्‌महिने वाट पाहिलेली नवी फाइल अखेर आली होती, आणि तिच्यात एक रकाना असा होता की त्यासाठी तिने आत्याला शब्द दिला होता.

आत्याचं घर कालव्यापलीकडे. तो रस्ता पूर्वी एकच होता. मधून कालवा खणला आणि रस्त्याचे दोन तुकडे झाले. नाव दोन्हींचं तेच राहिलं. घरांचे नंबरही दोन्हीकडे पाण्यापासूनच सुरू. जुन्या सूचीला त्या कालव्याचा पत्ताच नव्हता. मागच्या थंडीत आत्याला दम्याचा झटका आला, तेव्हा गाडी आली ती अलीकडच्या काठावर, त्याच नंबरच्या टायरच्या दुकानासमोर. मधे पाणी. माणसांपुरता अरुंद पूल. आत्या खिडकीत बसून तो लाल दिवा बघत होती आणि तिला श्वास घेता येत नव्हता. शेवटी शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून तिला पुलावरून नेलं.

“पुढच्या वेळी गाडी दारात येईल,” ती दवाखान्यात आत्याचा हात धरून म्हणाली होती. “आणि नुसतं फोनवर सांगायची नाही मी. ज्या रस्त्याने गाडी येईल त्याच रस्त्याने, नकाशा बघत, आधी मी येऊन जाईन.”

नव्या फाइलीत प्रत्येक पत्त्यापुढे काठ लिहिलेला होता. अलीकडचा की पलीकडचा.

तिने आधी रिकामी फेरी मारली. रिकाम्या फेरीत हमाल नुसती फाइल वाचतो, प्रत्येक ओळ धड आहे का बघतो, पण ठेवत काहीच नाही. चूक एकही नाही. मग खरी फेरी, वेगळ्या नव्या सूचीत. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळं चढलं. चूक एकही नाही. तिने आपलं दार शोधलं. ठिपका घरावर.

“झालं?” साहेबांनी दारातूनच विचारलं. हातात मोबाइल, चेहऱ्यावर लगीनघाई. “दुपारी कंट्रोल रूम नव्या सूचीवर जाणार आहे. ते लोक डोळ्यांत प्राण आणून बसलेत.”

“झालं,” ती म्हणाली.

“काय?”

“झालं म्हणाली ती,” शेजारच्या टेबलावरचा नकाशेवाला म्हणाला. नकाशांचं काम त्याच्याकडे, आणि हळूबाईचं बोलणं इतरांना पोचवायचं कामही त्याने आपणहून घेतलेलं. “साहेब, तिच्यासाठी एक भोंगा मंजूर करा.”

तेवढ्यात आत्याचा फोन आला.

“काय गं, माझं घर आलं का तुझ्या त्या यंत्रात? की अजून टायरवाल्याच्याच घरात नांदतेय मी?”

“आलं, आत्या.”

“बघितलंस?”

तिने पडद्यावरच्या आपल्या घराच्या ठिपक्याकडे बघितलं.

“बघितलं नसशील तर नाही म्हण, बाई. मी काय तुला कोपऱ्यात उभी करणार आहे? तो टायरवाला परवा विचारत होता, पुन्हा कधी येताय म्हणून. मेल्याला वाटतं, मला त्याचं दुकान आवडलं.”

आत्या हसली, आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली. बराच वेळ. फोन ठेवल्यावरही तो खोकला तिच्या कानात राहिला.

तिने आत्याचा पत्ता टाइप केला. रस्ता, नंबर, पुढे ‘पलीकडचा काठ’. ठिपका उमटला तो टायरच्या दुकानावर.

पत्ता चुकला असेल म्हणून तिने पुन्हा टाइप केला. मग आत्याच्या शेजारचं घर. मग त्याच्या पुढचं. पलीकडच्या काठावर एकही घर नव्हतं. फाइल उघडून बघितली तर तिथे सगळी होती, एकाखाली एक, शहाण्या मुलांसारखी.

तिने हमालाला दिलेला हुकूम पुन्हा वाचला. हमाल एखादा पत्ता ठेवतो तेव्हा त्यावर एक खूण बांधतो. एका खुणेचा एकच पत्ता. त्याच खुणेचा दुसरा आला तर पहिला काढून दुसरा ठेवायचा, आणि त्याबद्दल बोलायचं नाही. खूण कशाची करायची हे सांगायचं काम तिचं. परवा तिने सांगितलं होतं: शहर, रस्ता, नंबर. काठ फाइलीत होता, पण खुणेत घ्यायचा राहिला होता. आधी आत्याचं घर ठेवलं गेलं. मग त्याच खुणेचं टायरचं दुकान आलं आणि घराच्या जागी बसलं. रिकाम्या फेरीला हे कळणार कसं? तिथे काही ठेवतच नाहीत, तर एकावर एक पडणार कुठून?

तिचा स्वतःचा रस्ता अखंड होता. तिचं दार रोज सापडणारच होतं. तिला ओशाळल्यासारखं झालं. प्रार्थनेतही कधीकधी असं व्हायचं. ओठ शब्द म्हणत असायचे आणि मन ओट्यावरच्या दुधापाशी. नेम मोडलेला नसायचा. फक्त ती त्यात नसायची.

ती साहेबांच्या खोलीत गेली तेव्हा फोन स्पीकरवर होता. कंट्रोल रूमच्या प्रमुख बाई पलीकडून काहीतरी विचारत होत्या.

“आज बदलू नका,” ती म्हणाली.

साहेबांनी हाताने थांब अशी खूण केली आणि फोनमध्ये बोलत राहिले. “हो, हो, तयार आहे सगळं.”

तिने मागे बघितलं. नकाशेवाला तिच्या पाठोपाठ आला होता. तो बोलायला तोंड उघडणार, तोच तिने मान हलवली.

“सगळं तयार नाही,” ती म्हणाली. आवाज तिलाच अनोळखी वाटला. “कालव्यापलीकडची घरं सूचीत नाहीत. खूण मी चुकीची बांधली. आज बदललंत तर गाडी अलीकडेच येऊन उभी राहील.”

साहेबांनी मान वर केली.

“एका रस्त्यासाठी?” साहेब दबक्या आवाजात म्हणाले.

“एक मला दिसला. असे किती आहेत, मला अजून माहीत नाही.”

“अगं, पण मी शब्द दिलाय त्यांना.”

“मीही दिलाय,” ती म्हणाली. पण हे इतकं हळू की साहेबांना पुढे वाकावं लागलं.

स्पीकरमधून बाईंचा आवाज आला. “जुन्या सूचीत निदान आमची माणसं त्या रस्त्याला काठ विचारतात. मागच्या थंडीपासून सवय लागलीय. नवी आली की विचारायचं सोडून देतील. आज राहू द्या. उद्या सकाळी सांगाल?”

“सांगेन. पण दार बघून.”

साहेबांनी फोन ठेवला. “मास्तरांनी तुला बिघडवून ठेवलंय,” एवढंच म्हणाले, आणि दार उघडून धरलं.

तिने खुणेत काठ घातला, नवी सूची रिकामी केली आणि हमालाला पुन्हा कामाला लावलं. या वेळी रस्त्यांच्या अशा जोड्या शोधायला नकाशेवाला मदतीला बसला. रेल्वेने तोडलेला एक रस्ता निघाला, भिंतीने तोडलेला एक निघाला; त्यांच्याही बाजू त्याच रकान्यात होत्या. “लोक रस्त्याचे तुकडे करतात आणि नाव बदलायला आळस करतात,” तो पुटपुटला, आणि तिच्यापुढे चहा ठेवून गेला.

खिडकीबाहेर ऊन कलायला लागलं तेव्हा काम संपलं. तिने तोडलेल्या रस्त्यांवरचं एकेक दार शोधलं. सगळ्यात शेवटी आत्याचं. ठिपका पलीकडच्या काठावर उमटला, इस्त्रीच्या दुकानाशेजारी, जिथे आत्याचा जिना आहे बरोबर तिथे. स्वतःचं दार तिने आज पुन्हा शोधलं नाही.

“सांगून टाकू का साहेबांना?” नकाशेवाल्याने विचारलं.

“उद्या. अजून बघायचंय.”

“आता काय राहिलं?”

ती नुसती हसली. कुंडीला पाणी घातलं, पर्स खांद्याला लावली आणि खाली उतरली. फाटकाबाहेर तिची पावलं सवयीने उजवीकडे वळली. तिकडून अरुंद पूल ओलांडला की आत्याचं घर हाकेच्या अंतरावर.

त्या पुलावरून गाडी जात नाही.

ती थांबली. पदर सावरून तिने मोबाइलवर नव्या सूचीत आत्याचा पत्ता टाकला, गाडीच्या रस्त्याची निळी रेघ उमटेपर्यंत वाट बघितली, आणि मागे फिरून मोठ्या पुलाच्या लांबच्या रस्त्याला लागली.