हिंमतरावांची थाळी

करजणहून बडोद्याला परतताना उत्कर्षने गाडी साईटकडे वळवली. "दोनच मिनिटं. रजिस्टरवर सही केली की निघू."

नवऱ्याची दोन मिनिटं किती लांबतात, हे मैथिलीला लग्नाच्या पाचव्या वर्षी पुरतं ठाऊक होतं. तीन वर्षांच्या ऋचाला कडेवर घेऊन ती केबिनच्या सावलीत उभी राहिली.

समोर तेलविहिरीचा गाळ साठवायचा खड्डा. काळा, गुळगुळीत. दुपारचं आभाळ ढगांसकट त्यात उतरलेलं.

"आई, तळं!"

"तळं नाही गं ते."

काहीतरी चुकत होतं. मग तिच्या ध्यानात आलं, आवाजच नव्हता. मागच्या खेपेला म्हातारे राखणदार हिंमतराव इथं बसून पितळी थाळी बडवत होते. "काय करू बेन, पाखरांना हे पाणीच वाटतं. उतरतात, पण पुन्हा उडत नाहीत. खड्ड्यावर टाकायची जाळी येईतो ही थाळी." आज स्टूल रिकामं होतं. थाळी त्यावर पालथी.

ऋचाला खाली ठेवून तिने खिडकीतून विचारलं, "हिंमतराव कुठायत?"

"रजेवर. नातीचं लग्न आहे."

"आणि जाळी?"

उत्कर्षचं पेन थबकलं. रजिस्टरात त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: जाळी लावली आहे. "येईल परवापर्यंत. कागदच तर आहे तो."

मैथिली वळली. ऋचा थेट काठाशी! गाळात छातीपर्यंत रुतलेलं एक उंच पाखरू उभं होतं; बगळा की करकोचा, कळत नव्हतं. सगळं काळं. फक्त एक डोळा मिटत होता, उघडत होता.

"तो ये म्हणतोय," ऋचा म्हणाली आणि तिने पाऊल टाकलं.

मैथिलीने तिला दंडाला धरून मागे खेचलं. सँडल गाळातच राहिली, बघता बघता दिसेनाशी झाली. तेवढ्यात खड्ड्यावर सावल्या पडल्या. वरून एक थवा उतरत होता, चिवचिवाट न करता. तिने थाळी उचलली आणि हातातल्या कड्याने बडवायला सुरुवात केली.

"मैथिली, वेडी झालीस का?"

"हिला घे. आधी ती ओळ खोड. जाळी येईपर्यंत मी हलत नाही."

उत्कर्षने बाहेर येऊन लेकीला उचललं, तिचा काळा पाय पाहिला. केबिनमध्ये जाऊन ओळ खोडली, जाळीसाठी फोन लावला.

थवा दूर गेला. आभाळ कोरं झालं. मैथिलीचा हात मात्र थांबेना, कारण खड्ड्यातलं आभाळ रिकामं झालं नव्हतं. तिथं, उतरून पुन्हा कधीच न उडालेली पाखरं अजून घिरट्या घालत होती आणि हळूहळू वर येत होती.