चार एंटर आणि उंब्रजची वरात

मित्रांनो, मी एक जुना संगणकाचा पडदा आहे. हिरवी अक्षरं, काळी पार्श्वभूमी आणि अंगात भलताच तोरा. १९९८ साली साताऱ्यात अण्णांच्या लग्नकार्याच्या कचेरीत मी आलो.

गिऱ्हाईक एकदाच येई आणि मंगल कार्यालय, वरातीचा बँड असं दोन्ही ठरवून जाई. माझ्या मागे मात्र ही कामं दोन यंत्रांकडे होती. कार्यालयाचं यंत्र माझ्याच खोलीत, ते चटकन उत्तर देई. बँडचं यंत्र सांगलीला, तिथलं उत्तर टेलिफोनची लाइन लागेल तेव्हा.

हे सारं स्वप्ना सांभाळायची. तिची नोकरी तीन महिन्यांच्या बोलीवर होती, एक तक्रार आली की घरी. ती पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "अण्णा, लगेच होणाऱ्या कामाचा फॉर्म वेगळा हवा आणि वाट बघायला लावणाऱ्याचा वेगळा. पडद्यावर ते दिसायला हवं."

"गिऱ्हाईकाला मागचं काय करायचंय? एक फॉर्म, एक एंटर!" अण्णांनी विषय संपवला. मलाही ते आवडलं. मी सुटसुटीत दिसत होतो ना!

एकदा उंब्रजचे हंबीरराव आले. फौजेत त्यांनी वीस वर्षं वायरलेस चालवलेला. लेकीच्या लग्नाचा फॉर्म त्यांनी स्वतःच भरला आणि एंटर दाबला. सांगलीची लाइन लागेना. मी मख्खासारखा गप्प.

"पोचल्याचं कळलं न्हाई तर निरोप पुन्हा द्यायचा. नियमच हाय," असं पुटपुटत त्यांनी आणखी तीन वेळा एंटर दाबला. कार्यालयाच्या यंत्रानं तारीख त्यांच्याच नावावर पाहून एकच नोंद ठेवली. लाइन लागल्यावर सांगलीच्या यंत्राला मात्र प्रत्येक एंटर नवं काम वाटला.

लग्नाच्या दिवशी उंब्रजला चार बँड उतरले. माघारी जायला कुणीच तयार नव्हतं. चौघांनी एकदम चार गाणी धरली, घोडा बिथरला आणि नवरदेवासकट हायवेकडे सुटला. त्याला कसंबसं परत आणलं, पण मंगलाष्टकं कुणालाच ऐकू न आल्यामुळे अक्षता मध्येच पडल्या.

दुसऱ्या दिवशी हंबीररावांनी हे सगळं कचेरीत येऊन सांगितलं. अण्णा स्वप्नावर कडाडले, "उद्यापासून येऊ नकोस!" ती पिशवी आवरू लागली. मला फार लाज वाटली. गप्प मी बसलो होतो आणि नोकरी तिची चालली होती.

"आवं अण्णा, पोरीला का घालवताय?" हंबीरराव मध्ये पडले. "ह्या डब्यानं 'पोचलं' म्हणून सांगाया नगं व्हय? गावाला लय मजा आली, पर आमचं व्याही अजून कानांत बोळं घालून बसल्यात!"

अण्णा वरमले. "बरं, राहा," म्हणाले.

"राहते," स्वप्ना डोळे पुसत म्हणाली, "पण पडदा मी म्हणेन तसा."

त्याच दुपारी तिनं माझे दोन भाग केले. वर कार्यालयाचं उत्तर लगेच दिसू लागलं. खाली अक्षरं उमटत, 'निरोप मिळाला. सांगलीच्या उत्तराची वाट बघत आहे.' प्रत्येक फॉर्मला एक नंबर मिळाला. तोच नंबर पुन्हा गेला तर सांगलीचं यंत्र त्याला जुनंच काम समजे.

मित्रांनो, आता मी अडगळीत धूळ खातो. माझं एवढंच मागणं आहे. पडदा सजवण्याआधी त्याच्यामागे कोण राबतं ते विचारा. आणि ते ज्याला ठाऊक असतं, त्याचं घोडा सुटायच्या आधी ऐका.