उजवीकडचा फोटो

राधाकिशनने फ्लेक्सच्या वरच्या कोपऱ्यातून सुतळी ओवली आणि लिंबाच्या फांदीला दुहेरी गाठ मारली. शिडीवर तो फ्लेक्सच्या मागच्या बाजूला होता. त्याला दिसत होता तो नुसता पांढरा कपडा आणि वरच्या काठापलीकडे मांडवात सतरंज्या अंथरणारी माणसं. त्या माणसांचे हात एकेक करून थांबले.

"सरळ झालं का?" त्याने विचारलं.

सकाळीच पाटोद्याहून फ्लेक्सची गुंडाळी घेऊन आलेला त्याचा मेहुणा रामप्रसाद तोंडावर हात ठेवून उभा होता.

"दाजी," तो म्हणाला, "खाली या जरा."

राधाकिशन उतरून पुढच्या बाजूला आला. वर कमळ, दोन्हीकडे समया, मोठ्या अक्षरांत 'प्रथम पुण्यस्मरण', त्याखाली 'कै. हनुमान'. आणि मधल्या सोनेरी गोलात, डोक्याला फेटा बांधलेला, तो स्वतः.

फोटो दोघा भावांचा होता, चुलत बहिणीच्या लग्नातला. हनुमानचा एकट्याचा असा फोटो घरात नव्हताच. प्रत्येक फोटोत तो कुणाच्या तरी गळ्यात पडून हसत असायचा. फ्लेक्सवर त्याचा फक्त हात उरला होता. राधाकिशनच्या खांद्यावर चार बोटं आणि मनगटातलं स्टीलचं कडं. खाली 'शोकाकुल' म्हणून नावांची रांग होती. पहिलं नाव राधाकिशनचंच.

"मी सांगितलं होतं त्याला, उजवीकडचा म्हणून," रामप्रसाद पुटपुटला. "त्यानं कुणाची उजवी धरली कुणास ठाऊक."

फुलांचं ताट घेऊन हनुमानची बायको विजयमाला बाहेर आली. तिने वर पाहिलं, ताट खाली ठेवलं आणि तिथेच मटकन बसली. पदर तोंडात कोंबून ती गदगदा हलू लागली. राधाकिशनची बायको रोहिणी पाण्याचा तांब्या घेऊन धावली. तिला धरून मागे टेकवायला गेली, तेव्हा कळलं की विजयमाला हसतेय.

"दादा," ती राधाकिशनला म्हणाली, "तुमीच गेलात की वो. आन तुमीच रडायलात."

मग मांडवात कुणालाच आवरेना. शेजारचा शहादेव म्हणाला, "राधाकिशन, खाली काय करतो बे? तुझी जागा वर हाय." सतरंजीवर बसलेली माणसं आडवी झाली. वर्षभर या घरात मोठ्याने कुणी बोललं नव्हतं.

ओट्यावर बसलेल्या दोघा भावांच्या आईला, छबुबाईला, मोतीबिंदूमुळे धड दिसत नव्हतं. "काय झालं गं? कोण हसायलंय एवढं?" ती विचारत राहिली. विजयमालाने जवळ जाऊन सगळं सांगितलं. म्हातारीचं तोंड आधी उघडंच राहिलं, मग ती बोळक्या तोंडाने हसली. हसता हसता खोकली, लुगड्याच्या पदराने डोळे पुसले आणि म्हणाली,

"अगं, मंग हीच चूक त्या यमाला कावून न्हाई झाली?"

हसू जागच्या जागी थांबलं. शहादेवने मान खाली घालून सतरंजीची सुरकुती काढली. रामप्रसादने बहिणीकडे, रोहिणीकडे पाहिलं. रोहिणीच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

राधाकिशन मात्र हसत होता. सगळे गप्प झाल्यावरही तो एकटाच हसत राहिला, छबुबाईला आपण काय बोललो हे उमजू नये एवढा वेळ.

मागच्या साली आष्टीहून विहिरीच्या मोटारीचा सुटा भाग आणायला खरं तर तोच जाणार होता. सकाळी त्याची कंबर धरली. हनुमानने त्याच्या उशाखालची गाडीची किल्ली ओढून घेतली. "दादा, तू पडून राहा," तो म्हणाला होता. "तुझं तोंड बघून चालू मोटारबी बंद पडंल." परत येताना रस्त्यात बंद पडून उभी राहिलेली उसाची ट्रॉली त्याला दिसली नाही.

"काढा तो फ्लेक्स आधी," रोहिणी म्हणाली.

"राहू दे," राधाकिशन म्हणाला. "महाराज आले, कीर्तनाची वेळ झाली."

फ्लेक्स राहिला. लिंबागणेशहून आलेल्या तुळजाआत्याने तो रस्त्यावरूनच पाहिला आणि राधाकिशनचं नाव घेत हंबरडा फोडला. राधाकिशन पाण्याचा जग घेऊन पुढे गेला तेव्हा तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला, आणि मग त्यालाच धरून रडली. लोक पुन्हा हसले. फुलं वाहून झाली. पंगत बसली.

घरामागे चुलाणावर वरणाचं पातेलं होतं. राधाकिशन बादली घेऊन आला. रोहिणी वरण काढू लागली.

"आई यमाचं काय म्हणल्या, ऐकलं न्हाई का तुमी?"

"ऐकलं."

"मंग दात कावून काढत होता?"

त्याने बादली पातेल्याच्या आणखी जवळ धरली.

"वर्षभर मी एकटाच तसं म्हणत होतो, रोहिणी. मनातल्या मनात. आज दुसरं कुणीतरी म्हणलं. जरा हलकं वाटलं."

रोहिणीने ओगराळं पातेल्यात तसंच सोडलं.

"आन मी?" ती म्हणाली. "मी काय म्हणायचं होतं वर्षभर?"

मांडवातून हाक आली, "वरण, वरण!" त्याने अर्धीच भरलेली बादली उचलली आणि गेला.

पंगतीत शहादेवने पत्रावळीवर हात आडवा धरला. "बास, बास."

"घे रे," राधाकिशन म्हणाला. "मेलेल्या माणसाच्या हातचं वरण रोज मिळत न्हाई."

पंगतीत हशा फुटला. कुणाला ठसका लागला. ओट्यावर छबुबाईने झटकन मान वर केली. एक हात जमिनीवर टेकून ती उठायलाच लागली.

"कोण बोललं गं हे?" तिचा आवाज बदलला होता. "कोण बोललं?"

"दादा हाईत, आई," विजयमाला म्हणाली.

"हां," छबुबाई म्हणाली आणि हळूच खाली बसली.

राधाकिशनने ते पाहिलं. घरात असं बोलणारा हनुमानच होता. तो पुढच्या माणसापुढे वाकला, पण वरण पत्रावळीत न पडता सतरंजीवर सांडलं. तेवढ्यात मागून कुणीतरी बादलीची कडी धरली. रोहिणी होती. तिने बादली त्याच्या हातातून काढून घेतली, दंडाला धरून त्याला शहादेवशेजारच्या रिकाम्या जागेवर बसवलं, पुढे पत्रावळ टाकली.

"मी वाढतो की अजून," तो म्हणाला.

यावेळी हसलं कुणीच नाही.

रोहिणीने भात वाढला, त्यावर वरण ओतलं. बादली खाली ठेवून ती त्याच्यासमोर उभी राहिली. लोक आपापल्या पानात पाहू लागले. राधाकिशनने भात कालवला, बराच वेळ कालवत राहिला.

"जेवा," ती म्हणाली.

त्याने घास उचलला. तो गळ्याखाली उतरेपर्यंत ती तिथून हलली नाही.