दाबउतारे महाराज आणि लाखनीचं यंत्र

"या पृथ्वीतलावर असा एकही दाब नाही, जो आमच्या शब्दानं उतरत नाही!" अशी घोषणा करून दाबउतारे महाराज खुर्चीत बसले आणि खुर्चीचा पाय मोडून स्वतःच उतरले. दोघा भक्तांनी त्यांना उचललं. तिसरा म्हणाला, "पाहा बाप्पा, करणीचा जोर केवढा हाय!"

ती खुर्ची पोळ्यापासूनच डुगडुगत होती, हे लाखनीच्या त्या औषध कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी सगळ्यांनी हात जोडले. तपासणी खोलीची रसायनतज्ज्ञ तेजस्विनी हिचं लक्ष खुर्चीकडे नव्हतंच. कारण बाजूच्या कोठीत, बाहेरून कडी घालून, आनंदाबाईला बसवलं होतं.

आनंदाबाई खोलीतल्या बाटल्या धुणारी म्हातारी. दसऱ्याच्या सुट्टीपासून गोळ्या तपासायचं यंत्र बिघडलं होतं. यंत्राचं काम तसं सरळ. बारीक भुकटी ठासून भरलेल्या पोलादी नळीतून पंप द्रव रेटतो, त्यातले घटक एकेक करून वेगळे बाहेर पडतात आणि गोळीत औषध किती ते कळतं. पण आता पंप सुरू केला की पडद्यावर दाबाचा आकडा चारशेकडे चढे, यंत्र किंचाळे आणि बंद पडे. मग कोणाला तरी आठवलं, खंडेनवमीला यंत्रपूजेच्या दिवशी आनंदाबाई यंत्रापुढं उभी राहून काहीतरी पुटपुटत होती. ती नमस्कार करत होती, हे आठवायला कोणालाच सवड नव्हती.

महाराज पवनीकडे लोकांचा रक्तदाब उतरवायचे. मालक मधुकरराव त्यांचे भक्त. दाब तो दाब, असा त्यांनी हिशेब केला.

"दाब उतरला म्हणजे करणी शाबीत," महाराजांनी निकाल आधीच सांगून टाकला. "मंग त्या बाईचं काय करायचं, ते गावानं पाहावं."

गावाचं पाहणं कसं असतं, तेजस्विनीला माहीत होतं. मागल्या साली शेजारच्या गावात असंच एक बोट दाखवलं गेलं, आणि त्या म्हातारीच्या घराच्या आता नुसत्या काळ्या भिंती उभ्या होत्या. इथं खिडकीच्या गजांना माणसं लटकली होती. फाटकाबाहेर आणखी. कोणी हसत नव्हतं.

महाराजांचा चेला गोपीचंद यानं यंत्रावर पिवळी शाल पांघरली. "नजर लागाले नको." लिंबू घेऊन त्याचा हात शालीखाली गेला.

महाराज गरजले, "फट् प्रेशर, झट् प्रेशर! आल्या वाटेनं जा प्रेशर! पंपातलं पाताळात, नळीतलं नरकात!"

पंप सुरू होता आणि शालीबाहेरच्या पडद्यावर आकडा तीनशे नव्वदवर होता. तो थरथरला आणि धाडकन चारवर आला.

जयजयकारानं पत्रे हादरले. मधुकररावांनी डोळे पुसले. पहिल्या रांगेतला नत्थू म्हणाला, "आता काहाची वाट पाहून राहिले जी? काढा न तिले बाहेर!" दोघं कोठीकडे सरकले.

आकडा खरंच उतरला होता! क्षणभर तेजस्विनीलाही वाटलं, न जाणो, खरंच करणी असेल. मग टेबलाखालच्या टाकाऊ बाटलीत काहीतरी भराभर पडल्याचा आवाज तिला ऐकू आला. आणि नळीच्या पुढच्या टोकातून मात्र थेंबही येत नव्हता.

"थांबा," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिला पुन्हा म्हणावं लागलं. "थांबा! महाराज, पुन्हा एकदा करून दाखवता का?"

"चमत्कार दोनदा होत नसते, बाई."

"मग शाल काढते."

"शाल काढणाऱ्याचा वंश बुडते!"

तेजस्विनी पोटुशी होती. सगळ्या नजरा तिच्या पोटावर गेल्या. तिचाही हात तिथं गेला. तिला सासू आठवली, देव आठवले, आणि मग कोठीच्या दारामागचं कण्हणं ऐकू आलं. तिनं दुसऱ्या हातानं शाल ओढली.

खाली पंपाची, द्रव टाकाऊ बाटलीकडे सोडणारी बोंडाएवढी चावी उलटी फिरवलेली होती. तिनं ती बंद केली. आकडा चढला, यंत्र किंचाळलं. उघडली, चार.

"नत्थूभाऊ, या. तुम्ही फिरवा."

नत्थूनं भीत भीत फिरवली. चढलं. फिरवली, उतरलं. "मंग मी बी महाराज झालो का जी?"

खिडकीत पहिल्यांदा कोणीतरी हसलं.

"पाट पुढं चोंदला," तेजस्विनी म्हणाली, "आणि तुम्ही अलीकडेच बांध फोडून पाणी नाल्यात सोडलं, तर जोर कमी होणारच. पण पुढं शेताच्या बांधीत धानाले पाणी भेटलं का?"

"कायचं भेटते!" खिडकीतून उत्तर आलं.

"ही चावी नेमकी सापडायला," तेजस्विनीनं महाराजांना विचारलं, "हा गोपीचंद असल्याच कारखान्यात होता न?"

गोपीचंद खाली पाहत म्हणाला, "पोट हाय जी."

मग तिनं चावी बंद करून, पंप हळू चालवत, यंत्राचे जोड शेवटाकडून एकेक सोडायला घेतले. शेवटचा सोडला, आकडा तसाच. नळीच्या पुढचा सोडला, तसाच. नळी आणि तिच्या तोंडाशी असलेली चिमुकली गाळणी यांच्यामधला सोडला, तरी तसाच. गाळणीच्या अलीकडचा सोडला आणि आकडा खाली आला. म्हणजे अडलं होतं तिथंच. गाळणीच्या तोंडावर पांढरा थर होता.

"मीठ आहे हे. या द्रवात क्षार असतात. काम संपलं की यंत्र साध्या पाण्यानं धुवावं लागतं. पण नवमीले मधुकररावांनी मधेच काम थांबवून हार घातला. पूजा लागली की यंत्राले हात लावायचा नाही! आम्ही कोणीच लावला नाही. खारं पाणी आतच राहिलं. सुट्टी संपल्यावर घाईत मीच वरून मेथनॉल, म्हणजे एक स्पिरिट, सोडलं. त्यात ते मीठ विरघळत नाही, जागीच धरून बसलं."

गाळणी बदलली. कोमट पाणी हळूहळू सोडलं. आकडा रेंगाळत, कंटाळत, शेवटी नेहमीच्या जागी आला. कोणी जय म्हटलं नाही. महाराज चपला शोधत होते.

"बाईमाणसाले करणीवाली म्हणणं गुन्हा आहे, महाराज. पोलिसांले फोन करते आता." मग ती गर्दीकडे वळली. "भेव वाटलं, ते ठीक आहे. मलेही वाटलं. पण भेव वाटलं की माणूस शोधू नका, कारण शोधा. एकेक जोड सोडून पाहा, कुठं अडलं ते. शाल पांघरून कोणी काही दाखवलं, तर आधी शाल काढा. विचार करणं हीच—"

"मॅडम!" कोठीतून आवाज आला. "भाषण मंग करा जी. आधी बाहेरून कडी त काढा. मले कवापासून मोरीवर जाचं हाय."