टॅमरॅकचा तुटका टोन

टॅमरॅकच्या टाउन हॉलमधलं मतमोजणी यंत्र फार हुशार आहे. ते मतपत्रिका गिळतं, काळे केलेले गोल ओळखतं, बेरीज करतं आणि शेवटी फोनच्या तारेवरून आकडे काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीत पाठवतं. हे शेवटचं काम त्याच्या पोटातला मोडेम करतो. मोडेम माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे, त्यामुळे मी त्याला उलटून बोलत नाही.

मी काउंटीचा तांत्रिक सहाय्यक. जोलीन प्रॉक्नाव, म्हणजे काउंटीच्या निवडणुका सांभाळणारी क्लार्क, हिच्या बंद पडलेल्या प्रिंटरचा प्लग मी एकदा भिंतीत खोचला आणि त्याच दिवशी मला नोकरी लागली. विस्कॉन्सिनमध्ये अभियंते असेच घडतात.

मंगळवारी निवडणूक होती, आणि त्याआधीच्या गुरुवारी यंत्राची जाहीर चाचणी. जोलीनने मला सकाळीच बजावलं होतं, "ब्रेडी, माझी कचेरी बंद व्हायच्या आत टॅमरॅकचे चाचणीचे आकडे माझ्याकडे यायला हवेत. नाही आले तर मंगळवारी टॅमरॅकने वेस्ट फोर्कमध्ये जाऊन मतदान करायचं."

वेस्ट फोर्क नदीपलीकडे आहे. मधला पूल वसंतातल्या पुरात गेला, म्हणजे लांबचा वळसा, तोही नोव्हेंबरच्या निसरड्या रस्त्यावर. आमचे निम्मे मतदार चष्म्याशिवाय गाडी चालवतात, आणि उरलेले निम्मे चष्मा लावूनही तशीच चालवतात. शिवाय वेस्ट फोर्कची कॉफी पातळ असते. यातलं कुठलं कारण जास्त गंभीर, यावर गावात एकमत नाही.

हॉलमध्ये अर्डिस टॉर्कल्सनबाई माझी वाटच बघत होत्या. बाई गावच्या क्लार्क, आणि हॉलची किल्ली त्यांच्या गळ्यात. "ब्रेडी, हे मतदान इथून हललं ना, तर लाव्होन मतच देणार नाही. तिची गाडी फक्त उजवीकडे वळते."

"काळजी करू नका, अर्डिसबाई," मी म्हणालो. मला काय चाललंय ते कळत नसलं की मी हेच म्हणतो.

भिंतीत फोनची खाच एकच. मी टेलिफोन काढला, यंत्राची तार लावली, बटण दाबलं. यंत्राने विचार केला आणि पडद्यावर उत्तर आलं: डायल टोन नाही.

मी तार काढून परत लावली. मग तार उलटी करून लावली. मग तारेवर फुंकर मारली. हे सगळे शास्त्रशुद्ध उपाय आहेत. उत्तर तेच.

"फोन चालू आहे का तुमचा?" मी विचारलं.

"चालू म्हणजे? सकाळपासून नुसता वाजतोय. मी खुर्च्या मांडत होते, उचलायला सवड कुठे?"

मी टेलिफोन परत जोडून रिसीव्हर कानाला लावला. टोन होता, पण सलग नव्हता. टू-टू-टू असा उचकी लागल्यासारखा. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फोन कंपनीच्या व्हॉइसमेलच्या पेटीत न ऐकलेले निरोप साठले की टोन असा तुटक येतो. माणसाला कळतं की निरोप आलाय. मोडेमला वाटतं की तार तुटलीय. मोडेमला सलग टोनच लागतो. तो जुन्या वळणाचा आहे.

"यंत्राला सांग ना, टोनकडे लक्ष देऊ नकोस म्हणून," बाई म्हणाल्या.

"ते सेटिंग आतमध्ये आहे आणि वर राज्याचं सील आहे. ते तोडलं तर मला तुरुंगात जावं लागेल."

"किती दिवस?" बाईंनी खरोखरच हिशेब करायच्या सुरात विचारलं.

मी विषय बदलला. "निरोप पुसून टाकू. एका मिनिटाचं काम आहे."

"न ऐकता?" बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी जिवंत मांजर पुरायला निघालोय. "न ऐकता पुसायचं म्हणजे माणसाच्या तोंडावर फोन आपटायचा. माझ्या हॉलमध्ये ते चालणार नाही."

मग स्पीकर लावून ऐकायला बसलो. पहिला निरोप व्हर्लिनचा. "अर्डिस, व्हर्लिन बोलतोय. नोटिशीत लिहिलंय चाचणी आज आहे. आज आहे का? बरं मग. हवा बरी आहे. सॉसेज बनवलंय, हरणाचं. बरं मग, ठेवतो. आणि हो, तुझ्या बहिणीला..." इथे पेटीची वेळ संपली आणि आवाज तुटला.

दुसरा निरोपही व्हर्लिनचा. "मगाशी मध्येच तुटलं. तर तुझ्या बहिणीला सांग..."

तिसराही व्हर्लिनचा.

आमच्याकडे निरोप घेणं हा एक सोहळा आहे. "बरं मग" म्हणून गुडघ्यांवर हात मारायचे, उठायचं, दाराशी थांबून पुन्हा सुरुवात करायची, मग गाडीच्या काचेत डोकं घालून मूळ विषयावर यायचं. फोनवरही तसंच. पेटी एका मिनिटात तोडते, निरोप अर्धवट राहतो, आणि अर्धवट निरोप ठेवून टॅमरॅकचा माणूस जेवू शकत नाही. तो परत फोन करतो.

आम्ही व्हर्लिनला संपवेपर्यंत लाइन अडलेली होती, म्हणून तेवढ्यात आलेले फोन थेट पेटीत पडले होते. लाव्होन. फायर ब्रिगेडचा आर्नी. पुन्हा लाव्होन. पेटी रिकामी व्हायच्या ऐवजी भरत होती.

"सगळ्यांना फोन करून सांगू का, फोन करू नका म्हणून?" मी म्हणालो.

"सांग. मग तो निरोप खरा आहे का, हे विचारायला सगळे फोन करतील."

जोलीनच्या कचेरीचं दार बंद व्हायची वेळ जवळ येत होती. बाई उठल्या, कोट चढवला आणि समोरच्या फायर ब्रिगेडच्या शेडमध्ये गेल्या. पुढच्याच क्षणी सायरन बोंबलायला लागला.

टॅमरॅकमध्ये अवेळी सायरन वाजण्याचे दोनच अर्थ होतात. एक तर आग लागलीय, नाहीतर कुणीतरी खायला आणलंय. दोन्हींसाठी लोक सारख्याच वेगाने येतात. बाई परत येऊन मतपेटीच्या टेबलावर लिंबाच्या वड्यांचा ट्रे ठेवत होत्या, तेवढ्यात हॉल भरला. आर्नी हेल्मेट घालूनच आला.

"आग कुठाय?"

"फोनमध्ये," बाई म्हणाल्या. "बसा. कॉफी घ्या. कुणीही आपल्या घरी जायचं नाही. कुणीही फोनला हात लावायचा नाही. आता तुमचे निरोप सगळ्यांसमोर ऐकायचेत. ज्याचा असेल त्याने इथेच काय ते पूर्ण करायचं."

मी पेटी सुरू केली. स्पीकरमधली लाव्होन म्हणाली, "अर्डिस, माझं झाकणाचं भांडं तुझ्याकडे राहिलंय का?"

"नाही गं, शर्लीकडे आहे," बाई म्हणाल्या.

"माझ्याकडे नाहीये हां!" शर्ली मागून ओरडली.

"बरं मग," खुर्चीतली लाव्होन म्हणाली. स्पीकरमधली लाव्होनही त्याच क्षणी म्हणाली, "बरं मग."

आर्नीने स्पीकरमधल्या स्वतःला मध्येच थांबवलं. "ए, ते नको ऐकवूस, ते खासगी आहे." त्यामुळे सगळ्यांनी खुर्च्या पुढे ओढल्या. निरोप एवढाच होता की फायर ब्रिगेडच्या शुक्रवारच्या तळलेल्या माशांच्या जेवणाला पीठ कमी पडतंय. व्हर्लिनने आपलं बहिणीचं वाक्य अखेर पूर्ण केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पेटी रिकामी झाली. मी रिसीव्हर उचलला. टूंऽऽऽ. सलग, गुळगुळीत. गावातल्या फोन करू शकणाऱ्या प्रत्येक माणसाच्या तोंडात या क्षणी लिंबाची वडी होती.

मी टेलिफोन काढला, यंत्राची तार लावली आणि बटण दाबलं. मोडेम किंचाळला, खाकरला, पत्रा ओरबाडल्यासारखा आवाज काढला. व्हर्लिनने टोपी काढून छातीशी धरली. पडद्यावर आलं: जोडणी झाली. मग: आकडे पाठवले.

 बाईंनी गळ्यातली किल्ली कोटाच्या आत टाकली.

मी टेलिफोन परत जोडला आणि सवयीने कानाला लावला. टू-टू-टू.

"कोण?" बाईंनी हॉलभर नजर फिरवली. सगळ्यांनी रिकामे हात वर केले.

मी निरोप लावला. "अर्डिस, जोलीन बोलतेय. फोन बिझी लागतोय तुमचा. आकडे पोचले. मंगळवारचं मतदान टॅमरॅकमध्येच. बरं मग. तो ब्रेडी नीट जेवतो का? दिसतो किती वाळलेला. बरं मग, कचेरी बंद करते. आणि हो, तुझी ती वड्यांची कृती..."

आवाज तुटला.

कुणी जागचं हललं नाही. आर्नीने हेल्मेट मांडीवर घेतलं.

"थांबा," बाई माझ्या हातून रिसीव्हर काढून जागेवर ठेवत म्हणाल्या, "तिचं अजून संपलेलं नाही."

फोन वाजला.

"आणि ब्रेडी," रिसीव्हर उचलता उचलता बाई म्हणाल्या, "मंगळवारी आकडे पाठवायच्या वेळी सायरन तू वाजवायचा. वड्यांचे ट्रे मी दोन करते."